रस्ते खराब आहेत हो

वारज्याला पुलाखालून वळलं की डावीकडं
तिसरं शटर माझं. बागवान टायर्स.
साडेनऊला चारुशीला ओगले आल्या.
करडी गाडी, जमिनीपासून वीतभर उंच,
मिस्टरांनी निवृत्तीच्या पैशातून हौसेनं घेतलेली,
आणि वर्ष व्हायच्या आत मिस्टर गेले.

"रियाज, चारही बदलायचेत.
नऊ हजारांत संपले. कंपनीला पत्र लिहू का?"

मी जॅक लावला.
अब्बा डोळे मिटून टायर चाचपायचे,
मीही तसंच करतो.
मधोमध झिजला तर हवा जास्त,
दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी,
एकाच जागी चट्टा, तर कुत्रं आडवं आलेलं
आणि कुणीतरी कचकन ब्रेक दाबलेला.
खळगे खळगे लागले तर शॉकॲब्सॉर्बर मेलेत,
किंवा माणूस सिंहगड रोडला राहतो.

हे तसलं काही नव्हतं.
पुढचा डावा. बाहेरची कड.
तिथलं रबर तापून सरकलं होतं,
सायीसारखं सुरकुतून कडेला थिजलं होतं.
हे होतं उजव्या वळणांवर,
एकामागून एक उजव्या वळणांवर,
पाय ब्रेककडं जातो
आणि परत येतो, तेव्हा.

अलाइनमेंटच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे.
गाडीची काही चूक नव्हती.

"कुठं कुठं जाता, मॅडम?"
"कुठं जाणार? बँक. मंडई. गुरुवारी दत्ताला.
कर्वे रोडवर ताशी वीस, तेही नशीब असेल तर."

ते खरंच.
कर्वे रोडवर टायर झिजत नाही, माणूस झिजतो.

स्क्रूड्रायव्हरनं खोबणीतला खडा उचकटला.
तांबडा. बोटाला रंग लागला.
इकडं आमच्याकडं सगळा काळा दगड,
जांभा भेटायला ताम्हिणी उतरावी लागते.
मी तो तळहातावर घेतला. त्यांनी पाहिला.
त्यांनी पाहिला हे मी पाहिलं.
शेजारी सुफियान नट सोडत होता, कान इकडंच,
म्हणून जरा मोठ्यानं म्हणालो,
"रस्ते खराब आहेत हो, मॅडम."
"फारच," त्या म्हणाल्या. "महापालिका काही करेल तर शपथ."
पुण्यात एवढं बोललं
की पुढं कुणी काही विचारत नाही.

खडा त्यांनी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला
आणि चेन ओढली.

धंद्याला धरून मी कडक रबराचे दाखवले.
पन्नास हजार जातील, शिवाय स्वस्त.
काँक्रीटनं खोबऱ्यासारखं किसलं तरी फरक पडणार नाही,
मे महिन्यातलं डांबरही त्यांचं काही करत नाही.
त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला,
पेरू बघतात तसा.
"हा धरत नाही रे काही," म्हणाल्या.
"आधीचेच दे. मऊ."
मी म्हणालो, धरतात म्हणूनच झिजतात.
"माहितीय," त्या म्हणाल्या, आणि बाकावर बसून
पेपरातलं शब्दकोडं सोडवायला लागल्या.

नवे चढवले. बॅलन्सिंग केलं.
हवा बत्तीस ठेवली. सांगितलं,
सकाळी गाडी थंड असताना मोजा,
उन्हातून आल्यावर आकडा खोटं बोलतो.
आणि नव्या रबरावर साच्याचं तुळतुळीतपण असतं,
पहिले दीडशे किलोमीटर जपून,
वळणावर जोर नको.

"दीडशे," काच वर घेता घेता त्या म्हणाल्या,
"म्हणजे एकदा जाऊन-येऊन."

जुने चार दुकानामागं पडलेत.
सुफियान विचारत होता, भंगारवाला आलाय, देऊ का?
तीन दे म्हणालो.